पहिला घास

ते साल दोन हजार छत्तीस. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच ऑगस्टमध्ये आमच्या गावावरून जाणारी शेवटची डिझेलची एस.टी. बंद झाली आणि गावातली दहा-बारा म्हातारी माणसं हार घेऊन तिला निरोप द्यायला फाट्यावर उभी राहिली. आई गेली नाही. म्हणाली, "गाडीला कसला हार? ती कधी माझ्यासाठी थांबली होती?"

आज मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण त्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंतचे दिवस एकेक करून सांगू शकते. आता घरोघरी मेंदू तपासणारी पट्टी आहे. शाळेतली मुलंसुद्धा सहज डोक्याला लावतात. तिची आमच्या घरी सुरुवात कशी झाली, आणि आमच्या हातून कोणती चूक झाली, हे ज्यांना माहीत होतं त्यांपैकी आता दोघंच उरलो आहोत. म्हणून लिहून ठेवते.

आमचं घर तासगावच्या पलीकडे, अडीच एकर द्राक्षबागेच्या कडेला. वडील, म्हणजे आण्णा, पाच वर्षांपूर्वी गेलेले. घरी आई आणि माझा धाकटा भाऊ धैर्यशील. मी सांगलीत रक्ततपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. शनिवार-रविवारी घरी यायची आणि सणाला जोडून रजा टाकायची. लग्न केलं नव्हतं. त्याची कारणं वेगळी, ती इथे नकोत.

धैर्या एकोणीस वर्षांचा असताना इस्लामपूरला डिप्लोमा करत होता. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तो खोलीतून बाहेर येईना. दोन पुरुष त्याच्याबद्दल सतत बोलतात, असं तो म्हणायचा. "आता हा उठणार, आता हा पाणी पिणार," असं. क्रिकेटचं समालोचन चालावं तसं. मग त्याला वाटायला लागलं की जेवणात कुणीतरी काही मिसळतं आहे. अकरा दिवस तो फक्त बंद पुड्यातली बिस्किटं खाऊन राहिला. मिरजेच्या डॉक्टरांनी निदान केलं, स्किझोफ्रेनिया. गोळ्या लिहून दिल्या, पण गोळी तरी तो कशी घेणार?

बाराव्या दिवशी आई त्याचं ताट घेऊन त्याच्यासमोर बसली. समजावलं नाही, शपथ घातली नाही. त्याच्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याच्या भाजीला लावला, खाल्ला. आमटीचा भुरका घेतला. मग हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिली. तो तिच्याकडे बघत राहिला. बराच वेळ गेल्यावर त्याने ताट स्वतःकडे ओढलं.

तेव्हापासून त्याच्या ताटातला पहिला घास आईचा. पाण्याचा पहिला घोट आईचा. त्याचा नवा शर्ट आला की आधी आई तो साडीवरून अंगात घालून घरभर एक चक्कर मारायची, आणि आण्णा म्हणायचे, "आली बघा इन्स्पेक्टरीण." गोळ्यांनी दुसऱ्या वर्षी त्याचा संशय गेला. सवय तशीच राहिली. इतकी राहिली की पुढे ती आम्हाला दिसेनाशी झाली. रोजच्या भिंतीवरचा खिळा कुठे कुणाला दिसतो?

*

पट्टीबद्दल आम्हाला डॉक्टर शाहीन मुजावर यांनी सांगितलं. त्या धैर्याच्या मिरजेच्या डॉक्टर. पन्नाशीच्या आसपास, बोलताना टेबलावरचं पेन सारखं उघडझाप करणाऱ्या. जिल्ह्यातल्या तीनशे घरांत पट्टीची चाचणी होणार होती आणि त्यांनी धैर्याचं नाव घातलं होतं.

"मावशी, हे बघा," त्या आईला म्हणाल्या, "आपण मनात बोलतो तेव्हा मेंदूचा बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला आधीच निरोप देतो, की हा मीच आहे, दचकू नको. या आजारात तो निरोप पोचत नाही. मग स्वतःचाच विचार परक्याच्या आवाजात ऐकू येतो. दुसरं म्हणजे डोपामाइन नावाचं रसायन. ते प्रत्येक गोष्टीवर शिक्का मारतं, ही महत्त्वाची, ही नाही. ते एका ठिकाणी जास्त झालं की सगळ्यावरच शिक्का बसतो. शेजाऱ्याचा खोकलासुद्धा आपल्यासाठीच आहे असं वाटतं. गोळ्या ते शिक्के कमी करतात. पण सगळेच कमी करतात. म्हणून धैर्यशीलला कशातच गोडी वाटत नाही."

"आणि हे मुळात होतं कशानं?" मी विचारलं.

"पूर्ण उत्तर अजून नाही. पण लहानपणी मेंदूत पेशींचे जोड गरजेपेक्षा खूप जास्त असतात. वयात येताना मेंदू त्यांची छाटणी करतो. काही जणांत ती जास्त होते. कानाच्या वरच्या भागात मेंदूची साल पातळ होते."

आईने इतका वेळ मान खाली घातली होती. ती वर करून म्हणाली, "म्हणजे पोराच्या डोक्यात अडाणी गडी शिरला कात्री घेऊन. कितव्या डोळ्यावर कापलं म्हणायचं?"

डॉक्टरांना ते कळलं नाही. द्राक्षाच्या काडीवर जे कोंब असतात त्यांना आम्ही डोळे म्हणतो. ऑक्टोबरच्या फळछाटणीत काडी कितव्या डोळ्यावर कापली यावर वर्षाचा माल ठरतो. एक डोळा चुकला की नुसती पानं. मी हे सांगितल्यावर डॉक्टर खूप हसल्या आणि पुढे कित्येक वर्षं व्याख्यानांतून आईचं वाक्य सांगत राहिल्या.

पट्टी म्हणजे कबड्डीवाले कपाळाला बांधतात तसली, काळी, आतून मऊ. तिच्यातून कवटीच्या आत बारीक प्रकाश आणि आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी जातात. परत येताना त्या कुठला भाग किती काम करतो आहे आणि रसायनांचा तोल कसा आहे याची खूण घेऊन येतात. आजार उलटण्याआधी तीन आठवडे मेंदूतला हा तोल ढळायला लागतो. माणसाला आणि घरच्यांना ते फार उशिरा दिसतं. पट्टी पहिल्या दिवशी त्या माणसाच्या मेंदूचा एक पाया नोंदवते, आणि मग रोज सकाळी सात मिनिटांत सांगते की आज तो पायापासून किती दूर आहे. जवळ असेल तर हिरवा दिवा, सरकला तर पिवळा, फार दूर गेला तर लाल. तिचा पहारा आहे म्हणून गोळ्या हळूहळू एक तृतीयांशावर आणता येणार होत्या. अट एकच. लागोपाठ तीन दिवस लाल आला तर पुन्हा जुना डोस, आणि पंधरा दिवस मिरजेला भरती. त्या कागदावर धैर्याने सही केली आणि साक्षीदार म्हणून मी.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी पट्टी घरी आली. मी डबा उघडून ती बाहेरच्या सोप्यात ठेवली आणि टॅबवर नाव, वय, वजन भरायला स्वयंपाकघरात गेले, कारण रेंज तिथेच यायची. सोप्यात आई धैर्यासमोर बसली होती. तिने पट्टी आधी स्वतःच्या कपाळावर ओढली. दहाएक मिनिटं तशीच घालून तिने घेवड्याच्या शेंगा निवडल्या. "गरम होत न्हाई, टोचत न्हाई," असं म्हणाली आणि त्याच्या हातात दिली. मला आतून सगळं दिसत होतं. टॅबवर अक्षरं आली, पाया नोंदवला. मी नाव लिहिलं, धैर्यशील.

*

डोस उतरत गेला आणि माझा भाऊ हळूहळू परत आला. दुसऱ्या आठवड्यात त्याने चहात साखर कमी आहे अशी तक्रार केली. दहा वर्षांत त्याने कशाचीच तक्रार केली नव्हती. आई सारखी साखरेचा डबा उघडत होती. तिसऱ्या आठवड्यात तो बागेत गेला आणि काड्या बघून आला. शेजारच्या बागेचे बापूकाका, आण्णांचे चुलतभाऊ, इतकी वर्षं आमची छाटणी तेच करून देत.

"काका, या वर्षी मी करतो," धैर्या म्हणाला.

"कात्री धरता येती का? का पट्टी लावून छाटणार?"

"तुम्ही लावा पट्टी. गेल्या वर्षी चौथ्या ओळीला तीन डोळे जास्त सोडलेत तुम्ही."

बापूकाका माझ्याकडे वळून म्हणाले, "सुधारला की गं हा. अपमान करायला लागला." आणि बांधावरून जाताना उपरण्याने डोळे पुसत गेले.

धैर्याने रोज बागेत बसून काडी न् काडी तपासली. कापायच्या जागी लाल लोकरीचा धागा बांधला. बाग लग्नघरासारखी दिसायला लागली.

आणि सप्टेंबरच्या मध्यावर पहिला पिवळा दिवा आला.

आधी आम्ही दुर्लक्ष केलं. मग पिवळा रोज यायला लागला, आणि घराची चालच बदलली. सकाळी मी धैर्याच्या तोंडाकडे बघण्याआधी टॅबकडे बघायची. लांब रजा टाकून मी घरीच राहिले होते. तो मोठ्याने हसला की आई आणि मी एकमेकींकडे बघायचो. तो गप्प बसला तरी बघायचो. बापूकाका बांधावरून विचारायचे, "वहिनी, आज कुठला सिग्नल?" चार दिवसांनी त्यांनीही विचारणं सोडलं. त्यावरून धैर्याला जे कळायचं ते कळलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी लाल आला. शुक्रवारीही लाल. छाटणी बुधवारी धरलेली होती.

शुक्रवारी दुपारी तो द्राक्षाच्या मांडवाखाली एका धाग्याची गाठ सोडत होता. मी जाऊन बसले.

"आक्का, कात्री काकांकडे देऊन ये."

"आवाज वाढलेत का?"

"नाही. कमीच आहेत. झोप लागते, भूक लागते, छान वाटतं." त्याने गाठ सोडवली. "हेच तर. मागच्या वेळीही सुरुवातीला मला छान वाटलं होतं. आता मला छान वाटलं की भीती वाटते. मी खूश आहे का बिघडलोय, हे मला कसं कळणार? पट्टीला कळतं. मला नाही."

"जुना डोस घेऊन आपण पुन्हा..."

"मला माहीत आहे जुना डोस. तिथे वाईट वाटत नाही. तिथे काहीच वाटत नाही. दहा वर्षं मी तिथून तुम्हाला बघत होतो, काचेतून बघतात तसं." त्याने धागा माझ्या हातात ठेवला. "ह्या दोन महिन्यांत मला चव कळली. आता परत जायचं म्हणजे चव कळून जायचं."

मी तो बोटाला गुंडाळत राहिले. पट्टीसाठी त्याच्यामागे लागणारी मीच होते.

*

शनिवारी तिसरा लाल आला. मिरजेहून संदेश आला, सोमवारी सकाळी गाडी येईल. आईने त्याची पिशवी भरली. दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. आईने त्याचं ताट वाढलं. नेहमीप्रमाणे भाकरीचा तुकडा मोडला, दोडक्याच्या भाजीला लावला, तोंडात घातला आणि ताट त्याच्याकडे सरकवलं.

मी तो हात बघितला. दहा वर्षांत पहिल्यांदा बघितला.

आमच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात की रिपोर्ट आणि माणूस जुळत नसले तर माणसावर शंका घ्यायच्या आधी नळीवर घ्या. रक्त घेतलं की त्याच माणसासमोर, तिथल्या तिथे नळीवर नाव लिहायचं. दुसऱ्या खोलीत जाऊन लिहायचं नाही. तेरा वर्षांच्या नोकरीत मी ही चूक कधी केली नव्हती. घरी केली होती. पट्टी कातडीला लागली की आपोआप सुरू होते. ती सोप्यात आईच्या कपाळावर होती, आणि मी आत बसून धैर्याचं नाव लिहीत होते.

"पाया तुझा आहे," मी म्हणाले.

"कसला पाया?" आई म्हणाली.

"दोन महिने ती धैर्याला तुझ्याशी ताडून बघतेय."

धैर्याचा घास हातातच राहिला.

डॉक्टर मुजावर रविवारी सकाळी स्वतः आल्या. सगळं ऐकून त्यांनी पेन चार वेळा उघडलं-मिटलं. पहिले काही आठवडे पट्टी सैल मापाने बघते, त्या म्हणाल्या. मग माणूस ओळखीचा झाला की माप आवळत जाते. म्हणजे धैर्या होता तिथेच असेल, आणि आवळणाऱ्या मापामुळे तो दूर जातोय असं दिसलं असेल. हे सगळं पटण्यासारखं होतं. एकच गोष्ट अडत होती.

"पट्टी रोज आधी तपासते की हा त्याच पायाचा माणूस आहे का. कानावरच्या भागाची ठेवण बघून. सख्खी भावंडंही ती वेगळी ओळखते. नसेल तर चालूच होत नाही. इथे ती छप्पन्न दिवस बिनतक्रार चालली आहे. त्यामुळे नोंद असं म्हणते की पाया धैर्यशीलचाच आहे आणि तुम्ही चुकताय." त्या आईकडे वळल्या. "मावशी, तुम्ही आता एकदा पट्टी घाला. ती तुम्हाला या पायावर बरोबर बसवते का ते बघू. बसवलं तर मी आजच्या आज भरती रद्द करते. नाही तर मला पुरावा नाही."

आई पदराला हात पुसत उभी राहिली. "माझ्या डोक्यात काय बघायचं म्हातारीच्या?" म्हणाली आणि मागच्या दाराने बागेत निघून गेली.

मी मागे गेले. चौथ्या ओळीजवळ, जिथे खांबाला आण्णांनी लावलेला जुना रेडिओ होता, तिथे ती उभी होती. रेडिओ चालू होता. बागेत काम करताना तो कायम चालू असायचा.

"सात मिनिटांचं काम आहे, आई. त्यावर धैर्याचं सगळं अवलंबून आहे."

"ठाऊक हाय मला. आणि डोक्यात काय हाय तेबी ठाऊक हाय. यंत्रानं कशाला सांगाय पाहिजे?"

"काय आहे?"

तिने एका धाग्याची गाठ घट्ट केली. "बाई हाय एक."

मला आधी कळलंच नाही.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासनं. तोंडाची फटकळ. काय केलं तरी नावं ठेवायची. विहिरीकडं बोलवायची सुरुवातीला." आई हे सगळं धाग्याकडे बघत सांगत होती. "मला वाटलं सांगितलं तर माहेरी धाडतील, न्हाईतर अंगारे-धुपारे करत हिंडवतील. मग मला कळलं, हात कामात असला आणि तोंडानं हलकं गुणगुणलं, तिला हळूच उत्तर दिलं, की ती दबती. म्हणून मी सारखी कामात. लोक म्हणायचे, काय कष्टाळू बाई."

"आण्णांना माहीत होतं?"

"इचारलं न्हाई कधी. एक दिवस बाजारातनं हा रेडिओ आणला आणि इथं लावला. म्हणाले, बागेत गप्प-गप्प वाटतं."

रेडिओवर बाजारभाव चालले होते.

"धैर्याला झालं तवा सांगायचं होतं," ती म्हणाली. "पण मग सगळे म्हणाले असते, आईनं दिलं पोराला. आणि खरंच मीच दिलं."

"मलाही तूच जन्म दिलास. मला कुठे झालं?"

"तू आण्णावर गेलीस. निम्मं डोकं रिकामंच." आणि तिच्या डोळ्यांत पाणी असताना ती हसली. मग पदर खोचून घराकडे चालायला लागली. चालताना काहीतरी गुणगुणत होती. मी ते गुणगुणणं जन्मापासून ऐकत आले होते आणि मला वाटायचं की तिला गाण्याची आवड आहे.

सोप्यात येऊन ती धैर्यासमोर बसली, पहिल्या दिवशी बसली होती तशीच. त्याला सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत होत्या, पण ती फक्त त्याला सांगत होती. शेवटी म्हणाली, "तुला वाटत असंल, तुला एकट्यालाच हाय हे. म्हणून आधीच सांगायला पायजे होतं. भ्याले मी."

धैर्याने विचारलं, "काय म्हणते ती?"

"आता काय, म्हातारी झाली माझ्यासंगं. आमटीत मीठ कमी पडलं म्हणती."

"पडतं का?"

"न्हाई. खोटारडी हाय."

"माझे दोघे बरे मग. ते निदान खरं तरी सांगतात. हा उठला, हा बसला."

तो हसायला लागला, आणि आईही. मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. टॅब माझ्या मांडीवर होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

मग आईने पट्टी घातली. ती लगेच चालू झाली. सात मिनिटांनी हिरवा दिवा लागला, दोन महिन्यांतला सर्वात स्वच्छ हिरवा. पायापासून अंतर जवळजवळ शून्य.

डॉक्टर त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. "मावशी, पट्टीने तुम्हाला दोघांना एकच माणूस धरलं, कारण तुमच्या दोघांची साल एकाच जागी, एकाच मापाने पातळ आहे. असं मी कधी बघितलं नाही." मग हळूच म्हणाल्या, "धैर्यशील बिघडलेला नव्हता. आवाज सांभाळण्यात तो फक्त तुमच्याइतका तयार नव्हता."

*

सोमवारी गाडी आली ती धैर्याला न्यायला नाही, आईला तपासणीसाठी न्यायला. मोठ्या यंत्रात तिच्या मेंदूचं चित्र घेतलं तेव्हा तिने आत गुणगुणणं थांबवलं नाही म्हणून ते तीनदा घ्यावं लागलं. तिसऱ्या वेळी कुणालातरी सुचलं की गुणगुणतानाचंच चित्र घ्या.

त्यात दिसलं ते असं. डोपामाइनचा जोर धैर्यासारखाच. कानावरची साल तशीच पातळ. बोलणाऱ्या भागाकडून ऐकणाऱ्या भागाकडे जाणारी नेहमीची वाट तशीच विरळ. पण तिच्या मेंदूत हात आणि ओठ हलवणाऱ्या भागातून लांबचा वळसा घेऊन ऐकणाऱ्या भागापर्यंत जाणारी एक जाड वाट होती. तिचा निरोप त्या वळशाने पोचत होता, उशिरा, पण पोचत होता. छाटलेल्या वेलीवर भलत्याच जागी डोळा फुटावा तसं. ती वाट तिला जन्मतःच होती, की शेहेचाळीस वर्षं काम करता करता आणि गुणगुणता गुणगुणता तयार झाली, हे डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलं नाही. माहीत नाही, असं सरळ म्हणाल्या. ते ठरायला पुढे बारा वर्षं लागली. उत्तर दोन्हीच्या मध्ये कुठेतरी निघालं.

मंगळवारी धैर्याचा पाया नव्याने नोंदवला. पट्टी त्याने स्वतः डब्यातून काढली. आईचा हात पुढे आला होता. तो म्हणाला, "आज नको, आई. आज पहिल्यांदा मीच." तिने हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. तो हात पुढचा दिवसभर रिकामा रिकामा हिंडत होता.

बुधवारी छाटणी झाली. बापूकाका दिवसभर बांधावर खुर्ची टाकून बसले होते, चुका काढायला. संध्याकाळी चार वाजता उठले आणि म्हणाले, "तीन ठिकाणी चुकलाय. गेल्या वर्षी मी चौदा ठिकाणी चुकलो हुतो." त्या वर्षी माल बरा आला. फार नाही, बरा.

*

आता पुढचं.

बापूकाका त्यानंतर आठ वर्षांनी गेले. शेवटपर्यंत ते सांगत की पट्टीवर त्यांचा विश्वास नाही, आणि त्यांच्या नातवाने ती घातली की रंग विचारायला रोज फोन करत.

डॉक्टर मुजावरांनी आईच्या त्या वाटेवर काम केलं. कमी गोळ्या, आणि त्याबरोबर आवाज येताना हात-ओठ कामात ठेवण्याचा रोजचा सराव, पट्टीच्या पहाऱ्यात. ज्यांचा आजार नवा आहे त्यांच्यात पाच-सहा वर्षांत तो वळसा वाढताना दिसतो. सगळ्यांत नाही. त्या स्वतः नेहमी ते सांगत, सगळ्यांत नाही. आजची पट्टी सुरू होण्याआधी माणसाला स्वतःचं नाव मोठ्याने सांगायला लावते, ते आमच्या घरामुळे. त्या निवृत्त होऊन कऱ्हाडला राहिल्या आणि गेल्या वर्षी वारल्या. आईचं चित्र त्यांच्या बैठकीच्या खोलीत होतं. चेहऱ्याचं नाही, मेंदूचं.

आई एक्क्याण्णव वर्षं जगली. शेवटच्या महिन्यात तिने जेवण सोडलं. आम्ही दोघांनी समजावलं, रागावलो. एक दिवस धैर्या तिचं ताट घेऊन तिच्यासमोर बसला. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, खाल्ला. आमटीचा भुरका घेतला. मग हात मांडीवर ठेवून गप्प बसला. तिने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि ताट ओढून घेतलं. त्यानंतर ती एकोणीस दिवस जेवली.

धैर्या आता एकाहत्तर वर्षांचा आहे. त्याच्या डोक्यातले ते दोघे अजून आहेत, पण आता त्यांनाही फारसं दिसत नाही, असं तो म्हणतो. त्याने बाग राखली. पन्नास साली त्याने शारदाशी लग्न केलं. ती मिरजेच्या सरावाच्या गटात भेटली, तिलाही आवाज यायचे. दोघं बागेत काम करतात तेव्हा दोन वेगवेगळी गाणी ऐकू येतात. रेडिओचा खांब तसाच आहे. रेडिओ नवा आहे.

मी लॅबमधून निवृत्त होऊन गावी परत आले. माझं घर त्यांच्या घराला लागूनच आहे. मला ना आवाज येतात ना गाता येतं. दर रविवारी धैर्या माझ्याकडे जेवायला असतो. मी ताटं वाढते. तो माझ्या ताटातला तुकडा मोडतो, आमटीला लावतो, खातो आणि विचार केल्यासारखा थांबतो.

"मीठ कमी आहे, आक्का," म्हणतो.

कमी नसतं. मग मी जेवायला बसते.